कोलोराडोत एल्कची पहिली शिकार: तयारी कुठून सुरू करावी?

मावळतीकडे

नमस्कार मंडळी. डेन्व्हरजवळ राहतो, गाव पाटण तालुक्यात. पुढच्या शरदात एल्कच्या (इथल्या सांबरासारख्या मोठ्या हरणाच्या) शिकारीला जायचं ठरवतोय. सोबत कामावरचा एक मित्र असेल. तो टेक्सासला राहतो आणि माझ्यासारखाच नवखा आहे. हंटर एज्युकेशनचा कोर्स या हिवाळ्यात पूर्ण होईल.

प्रश्न बरेच आहेत. ड्रॉला (परवान्यांच्या सोडतीला) अर्ज करायचा की काउंटरवर मिळणारा टॅग (एका जनावराचा परवाना) घ्यायचा? रायफल की धनुष्य? आउटफिटरला (शिकारीची सोय करून देणाऱ्याला) पैसे द्यावेत की आपलं आपण जावं? मी एच-१बीवर आहे, तर बंदूक हातात धरणं तरी कायद्यात बसतं का, याबद्दल दहा जण दहा गोष्टी सांगतात. आणि जनावर मिळालंच तर मांस घरापर्यंत आणायचं कसं?

भिंतीवर शिंगं लावायची हौस नाही. घरात जे शिजतं ते कुठलं आणि ते कसं मेलं हे मला माहीत असावं, असं फार दिवसांपासून वाटतंय. आजोबांच्या पिढीत पारध झाली की वाडीत घरटी वाटे पडायचे, त्या गोष्टी ऐकत वाढलोय.

सह्यकडा

रुमाल टाकून ठेवतो. सविस्तर संध्याकाळी.

रॉकीकर

तुमचा शेवटचा प्रश्न पहिला घ्या. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतात.

पूर्ण वाढलेला नर एल्क ३०० किलोच्या घरात जातो. हाडं काढल्यावरही ८० ते १०० किलो मांस उरतं, मादीचं त्याहून कमी. माणूस पाठीवर २५-३० किलो घेऊन दहा हजार फुटांवर, आडव्या पडलेल्या झाडांमधून चालणार. म्हणजे तुमच्या दोघांच्या किमान दोन-दोन खेपा. गाडीपासून सहा किलोमीटरवर जनावर पाडलं तर माणशी अठरा किलोमीटर झाले, त्यातले बारा ओझ्यासकट. हे सगळं जनावर शोधण्यात दिवस घालवल्यावर, बहुतेक अंधारात. कोलोराडोत खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी ते पाप आहे असं मी मानतो. चारही फरे, पाठीच्या दोन्ही पट्ट्या आणि आतल्या कण्यालगतचं मांस एवढं तरी खाली आलंच पाहिजे.

म्हणून नकाशा उघडलात की आधी गाडीरस्ता शोधा आणि त्यापासून तुम्हाला झेपेल एवढं अंतर ठरवा. दोन नवख्यांना तीन किलोमीटर पुष्कळ झाले. त्यापलीकडे कितीही सुंदर नर दिसला तरी गोळी झाडायची नाही, हे घरून निघतानाच एकमेकांना सांगून ठेवा. जागेवर गेल्यावर सांगायला धीर होत नाही.

आता सीझन. कोलोराडोत रायफलचे चार सीझन असतात. पहिला ऑक्टोबरच्या मध्यात, फक्त एल्कचा आणि ड्रॉवरच. दुसरा ऑक्टोबरअखेरीस आणि तिसरा नोव्हेंबरात. या दोन्हींत बऱ्याच युनिटांमध्ये (शिकारीसाठी आखलेल्या भागांत) नराचा टॅग थेट विकत मिळतो, त्यालाच ओटीसी म्हणतात. चौथा पुन्हा ड्रॉचा. पहिल्या खेपेला दुसरा किंवा तिसरा सीझन घ्या. तोवर थंडी पडलेली असते आणि मांस टिकतं. बर्फ पडला तर कळप खाली उतरतात आणि तुमच्या तीन किलोमीटरच्या आत येतात.

खर्चाचं म्हणाल तर तुम्ही कोलोराडोत सलग सहा महिने राहिला असाल तर रहिवासी. तुमचा एल्कचा टॅग शंभर डॉलरच्या आत बसेल, टेक्सासच्या मित्राला ८००च्या वर मोजावे लागतील. आधी त्याला हे सांगा, मग पुढचं बोला.

कायद्याचा_किस

व्हिसाबद्दल. बिगर-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. त्याच कायद्यात अपवादही आहे: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेलं, मुदतीत असलेलं शिकारीचं लायसन्स तुमच्याकडे असेल तर चालतं. एच-१बी, एच-४, एफ-१ सगळ्यांना हेच लागू. ग्रीन कार्ड असेल तर हा अपवाद शोधावा लागत नाही.

यात क्रम फार महत्त्वाचा. आधी लायसन्स, मग बंदुकीला हात. मित्राची रायफल रेंजवर घटकाभर चालवून पाहणं हेही बाळगण्यातच धरलं जाऊ शकतं. त्यामुळे कोर्स झाला की १ मार्चनंतर स्मॉल गेमचं (लहान प्राणी-पक्ष्यांच्या शिकारीचं) वार्षिक लायसन्स काढा. ड्रॉला अर्ज करण्याआधी एक पात्रता-लायसन्स घ्यावंच लागतं, ते यातच भागतं. बंदूक विकत घेताना ४४७३ क्रमांकाच्या फॉर्मवर आय-९४वरचा (देशात आल्याच्या नोंदीवरचा) नंबर लागेल आणि लायसन्स दाखवावं लागेल. लायसन्सची मुदत संपली की मुभाही संपली, मग रायफल कपाटात पडून राहिली तरी अडचणच. व्हिसाचा प्रश्न आहे, म्हणून एकदा इमिग्रेशन वकिलाकडून लेखी उत्तर घ्या. मंचावरच्या माझ्या शब्दावर जाऊ नका.

धनुष्यबाणाला हा फेडरल कायदा लागत नाही.

सह्यकडा

आलो. किस यांनी शेवटच्या ओळीत जे लिहिलंय तिथूनच सुरू करतो. धनुष्य घ्या! सप्टेंबरभर आर्चरीचा सीझन असतो आणि तेव्हाच एल्कचा माज. नर एकमेकांना आव्हान देत ओरडतात, त्याला इकडे ब्यूगल म्हणतात. पहाटे अ‍ॅस्पेनच्या पिवळ्या रानात तो आवाज ऐकलात की बाकी कशासाठी आलो होतो ते विसराल. हवा चांगली, रस्ते उघडे, गर्दी कमी. तुम्ही रहिवासी, त्यामुळे आर्चरीचा ओटीसी टॅग तुम्हाला मिळेल. तुमच्या मित्राला मात्र नाही. २०२५ पासून आय-२५ महामार्गाच्या पश्चिमेला बाहेरच्या राज्यातल्यांसाठी आर्चरी एल्क ड्रॉवर नेलंय.

रॉकीकर

सह्यकडा, ब्यूगलबद्दल शंभर टक्के सहमत. बाकीच्याशी नाही. सप्टेंबरात दुपारी पंचवीस अंश तापमान असतं. एवढ्या मोठ्या जनावराची ऊब मांडीच्या हाडाभोवती कोंडून राहते आणि बाहेरून मांस ठीक दिसत असतानाच आतून आंबायला लागतं. अशा वेळी कातडं लगेच उतरवून, हाडं वेगळी करून, जाळीच्या पिशव्यांत भरून सावलीत टांगता आलं पाहिजे. सोलायचा सराव नसलेल्या दोघांवर हे ओझं नको.

दुसरं, धनुष्यावर हात बसायला वर्ष जातं. चाळीस यार्डांवरून श्वास चढलेला असताना बाण फुप्फुसातच जाईल याची खात्री नसेल तर तो सोडू नये. जखमी जनावर दरीत निघून गेलं की ते तडफडत मरतं आणि कुणाच्याच पोटात जात नाही.

सह्यकडा

मांसाचा मुद्दा मान्य. सरावाचा मुद्दा रायफललाही तेवढाच लागू होतो. बाकावर रायफल टेकवून तीनशे यार्डांवर नेम लागला म्हणून रानात लागत नाही. गुडघ्यावर बसून, काठीला टेकवून, शंभर पायऱ्या धावत चढून मग नेम धरा. ज्या अंतरावर दहापैकी दहा गोळ्या ताटलीएवढ्या जागेत बसतात तेच तुमचं अंतर, मग ते दीडशे यार्ड का असेना.

शमी

मूळ प्रश्न सोडून लिहितेय, माफ करा. तुमच्याकडे सुपरमार्केट आहे, पगार आहे. पोटासाठी मारायची वेळ कुणावरच आलेली नाही. मग निरोगी, मुक्त जनावर शोधून मारायला महिनोन् महिने तयारी करणं मला समजत नाही. वाचून खरंच वाईट वाटलं.

मावळतीकडे

शमीताई, वाईट वाटलं हे लिहिलंत ते बरं केलंत. मी मांस खातो. सुपरमार्केटमधल्या पाकिटातलं जनावर पिंजऱ्यात वाढलं आणि रांगेत उभं राहून मेलं, मी फक्त ते पाहिलं नाही. एल्क निदान शेवटच्या क्षणापर्यंत आपल्या डोंगरात असतो. मारणं सोपं वाटावं अशी माझी अजिबात इच्छा नाही.

शमी

पाकिटाबद्दल पटलं. मारण्याबद्दल नाही. मी शाकाहारी आहे आणि राहीन. पण तुम्ही उत्तर नीट दिलंत, त्याबद्दल आभार.

जुनी_बखर

शमीताईंच्या मुद्द्याला इतिहासाची जोड देतो. एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी बेसुमार शिकार झाली आणि १९१०च्या सुमारास कोलोराडोत एल्क हजारभरही उरले नव्हते असा अंदाज सांगतात. मग यलोस्टोन परिसरातून एल्क आणून इकडच्या डोंगरांत सोडले. १९१३-१४मध्ये एस्टेस पार्कला आणलेले त्यातलेच. आज कोलोराडोत अडीच लाखांच्या वर एल्क आहेत, एवढे दुसऱ्या कुठल्याही राज्यात नाहीत.

हे फुकट झालं नाही. १९०० सालच्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या जनावरांचा राज्याराज्यांतला व्यापार बंद केला. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफल आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना मिळू लागला. टॅगचे पैसेही राज्याच्या वन्यजीव विभागाकडेच जातात. युनिटागणिक कळप मोजून दरवर्षी ड्रॉचे परवाने ठरतात.

अवांतर: आपल्याकडे काय झालं तेही आठवा. कोल्हापूर संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळत. हिंदुस्थानातले चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतून मागवले. मोजणी नाही, हंगाम नाही, मर्जी राजाची. १९५२मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला जवळजवळ पूर्ण आळा घातला. तो कायदा हवाच होता. पण अमेरिकेत सामान्य माणसाला शिकारीचा वाटा मिळाला आणि त्यानेच जनावर राखण्याचे पैसे भरले, हा फरक मोठा आहे.

तुरीचं_रान

बखर भाऊ, बोलायचं नव्हतं पण राहवत नाही. यवतमाळ जिल्ह्यातून लिहितो. आमच्याकडं रोही (नीलगाय) आणि रानडुकरं रातच्याला तूर, हरभरा आडवा करून जातात. मचाणावर जागल करा, डबे वाजवा, फटाके फोडा. पंचनामा करा, भरपाईची वाट पहा. नुकसान करणाऱ्या डुकरासाठी वन विभागाची परवानगी मिळण्याची तरतूद आहे, पण कागद होईस्तोवर पीक जाते. मला शिकारीची हौस नाही. पण तिकडं लोक पैसे भरून नंबर लावतात अन् इकडं आमची झोप जाते, हे वाचून कसंतरीच होते.

जुनी_बखर

तुरीचं_रान, तुमचं म्हणणं शंभर टक्के रास्त आहे. इकडेही एल्क गवताच्या गंजी आणि कुंपणं उद्ध्वस्त करतात, पण शिकारीच्या पैशातून राज्य शेतकऱ्याला नुकसान भरून देतं आणि त्या भागात मादीचे टॅग वाढवतं. आपल्याकडे सगळा भार शेतकऱ्याच्या डोक्यावर पडतो. यावर तुम्ही स्वतंत्र धागा काढाच. वाचणारे आणि लिहिणारे पुष्कळ मिळतील.

हिमरेषा

लांडग्यांचं कुणीच लिहिलं नाही. २०२०मध्ये कोलोराडोच्या मतदारांनी थोडक्या फरकाने कौल दिला आणि डिसेंबर २०२३मध्ये ओरेगॉनहून आणलेले लांडगे सोडले. एल्कवर याचा परिणाम काय?

रॉकीकर

@हिमरेषा, आत्ता लांडगे थोडे आहेत, पुढच्या वर्षीच्या आखणीत त्यांनी फरक पडणार नाही. पण वेगळा विषय आहे, इथे फाटा नको.

साखरपेरणी

वायोमिंगचं काय? आम्ही सिअ‍ॅटलहून जाणार. तिथे गर्दी कमी असते म्हणतात.

रॉकीकर

@साखरपेरणी, गर्दी कमी, पण दोन गोष्टी पाहून घ्या. बाहेरच्या राज्यातल्या शिकाऱ्याला फेडरल वाइल्डरनेस म्हणून घोषित केलेल्या भागात गाइडशिवाय किंवा वायोमिंगच्या रहिवाशाच्या सोबतीशिवाय मोठ्या जनावराची शिकार करता येत नाही. हायकिंगला जाता येतं, शिकारीला नाही! आणि वायव्येला ग्रिझली आहेत. पडलेल्या एल्कवर काम करताना अस्वलाच्या फवाऱ्याचा डबा कमरेला हवा, पिशवीत नाही. अर्जही लवकर करावा लागतो, एल्कच्या अर्जाची मुदत फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच संपते. कोलोराडोची एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, संध्याकाळी आठ वाजता.

कायद्याचा_किस

वायोमिंग निघालंच आहे तर जमिनीच्या मालकीबद्दल. रेल्वेला एकाआड एक चौरस जमिनी दिल्यामुळे तिथे पटावरच्या घरांसारखी सरकारी आणि खाजगी जमीन आहे. सरकारी चौरसातून कोपऱ्यावर पाऊल टाकून समोरच्या सरकारी चौरसात जाता येतं का, यावर एल्क माउंटन भागातल्या शिकाऱ्यांचा खटला गाजला. मार्च २०२५मध्ये दहाव्या सर्किट न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला आणि ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने अपील ऐकायला नकार दिला. तरीही नवख्याने या वाटेला जाऊ नये. कोपरा नेमका कुठे आहे हे फुटाच्या हिशोबात माहीत असावं लागतं. कोलोराडोत व्हाइट रिव्हर, सॅन वॉन, गनिसन अशी राष्ट्रीय वनांची सलग जमीन भरपूर आहे, ती धरा. मालकी दाखवणारा नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या. तिथे रेंज नसते.

मीठभाकर

सगळं छान, पण शिजवायचं काय ते कुणी सांगेना! एल्कच्या मांसात चरबी जवळजवळ नसते. मटणासारखं तासभर उकळत ठेवाल तर वातड होईल. पाठीच्या पट्ट्या जाड कापून, मीठ-मिरी लावून, तव्यावर कडकडीत आचेवर वरून भाजायच्या, आतून गुलाबीच ठेवायच्या. नडग्यांना मात्र मंद आचेवर चार तास द्या, त्यांचा तांबडा रस्सा असा होतो की पाहुणे उठत नाहीत. उरलेल्याचा खिमा करा, त्यात थोडी बकऱ्याची चरबी घाला. आणि एल्कला वास असतो असं कुणी म्हणालं तर समजावं, मांस थंड करायला उशीर झाला होता.

ओढ्याकाठी

ताई, उत्तम. पण रस्सा करण्याआधी तपासणी. हरीण कुळातल्या जनावरांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा रोग आहे. १९६७मध्ये फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रातल्या हरणांत तो पहिल्यांदा दिसला. प्रायॉनमुळे (बिघडलेल्या प्रथिनांमुळे) होतो आणि ते शिजवून नष्ट होत नाहीत. माणसाला झाल्याची नोंद नाही, तरी बाधित जनावराचं मांस खाऊ नये असाच सल्ला आहे. डोकं वन्यजीव विभागाच्या केंद्रावर दिलं की मानेतल्या गाठी तपासतात. निकाल येईपर्यंत मांस वेगळं बांधून, नाव घालून फ्रीझरात ठेवा. खाटकाकडे दिलंत तर तुमचं जनावर दुसऱ्यात मिसळणार नाही ना, ते आधी विचारा.

अनुस्वार

वाचनखूण साठवली. एक भाबडा प्रश्न: नर ओळखायला चुकलं तर?

सह्यकडा

@अनुस्वार, भाबडा अजिबात नाही. बहुतेक ओटीसी युनिटांत नराच्या एका शिंगाला चार टोकं हवीत, किंवा कपाळाजवळचं टोक पाच इंचांचं. दुर्बिणीतून मोजता आलं नाही तर गोळी नाही. आणि मूस, हे एल्कहूनही मोठं हरीण! १९७८पासून यूटा आणि वायोमिंगमधून आणून सोडलेले मूस आता चांगले पसरलेत. अंधूक उजेडात मादी मूस एल्कसारखी वाटते. एल्कचा पार्श्वभाग फिकट बदामी, मूस सगळा काळपट. लिंगाची खूण मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेली राहायला हवी, सोलताना ती कापून टाकू नका. टॅगवर तारीख आणि सही लगेच.

भगवा फ्लोरोसंट कपडाही सक्तीचा आहे, कमरेच्या वर किमान ५०० चौरस इंच आणि डोक्यावर सगळ्या बाजूंनी दिसेल अशी टोपी. २०१६पासून गुलाबीही चालतो.

मावळतीकडे

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचून आखणी अशी झाली: ड्रॉ नाही, दुसऱ्या सीझनचा ओटीसी. मित्राला टॅगची किंमत सांगितली, तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, येतो, पण या वर्षी टॅग न घेता मदतीला. म्हणजे एकच टॅग आणि वाहायला चार खांदे. जागा फ्लॅट टॉप्स डोंगरांच्या बाजूला, मीकर गावाकडून वर. आउटफिटर नको वाटतोय.

रॉकीकर

मित्राचा निर्णय तुमच्या सगळ्या आखणीतला सर्वात चांगला भाग आहे, त्याला माझ्याकडून सांगा. जागाही उत्तम, व्हाइट रिव्हरचा कळप राज्यात सर्वात मोठा. पण त्यामुळेच तिथे तंबूंची रांग लागते. फ्लॅट टॉप्सचा मधला भाग वाइल्डरनेस आहे, तिथे गाडीच काय, सायकलही नेता येत नाही. त्यामुळे कडेचा भाग धरा.

आउटफिटर पूर्ण गाइड म्हणून नको असेल तर फक्त मांस वाहायला घोडे देणारा एखादा आधीच बोलून ठेवा. कोलोराडोत असा धंदा करणाऱ्याला राज्याची नोंदणी लागते, ती तपासा. आयत्या वेळी सगळे गुंतलेले असतात.

जुलैत दोन रात्री तिथे राहून या. पाणवठे, चिखलातल्या लोळणी, झाडांवर शिंगं घासल्याच्या खुणा नकाशावर टिपा. ऑक्टोबरात कळप तिथेच असतील असं नाही, पण तो डोंगर तुमच्या पायांना कळेल. उंचीची सवयही होईल. सीझनच्या दोन दिवस आधी वर जाऊन मुक्काम करा, डेन्व्हरहून पहाटे निघून थेट चढायला लागू नका.

मावळतीकडे

जुलै नक्की. सरावासाठी डेन्व्हरच्या आसपास कुणी सोबत येईल का?

सह्यकडा

मी येतो. पण किस यांनी सांगितलेला क्रम लक्षात ठेवा. मार्चमध्ये लायसन्स हातात पडलं की इथेच लिहा, मग रेंजवर भेटायचा दिवस ठरवू. तोवर दुर्बीण घ्या आणि जिना चढायला लागा.